जागल्या सापडतो तो नोंदींमुळे

मंडळी, आतला गैरकारभार बाहेर आणणाऱ्याला मराठीत ‘जागल्या’ हा नेमका शब्द आहे. जागल्या सापडला की लोक म्हणतात, कुणीतरी चुगली केली असणार. पण आता चुगलीची गरजच उरलेली नाही. फाइल कुणी उघडली, कुणी छापली, किती वाजता, हे यंत्रणेकडे आधीच नोंदलेलं असतं.

2017 मधलं अमेरिकेतल्या रिअ‍ॅलिटी विनर या बाईंचं प्रकरण घ्या; त्या तिथल्या गुप्तचर संस्थेसाठी कंत्राटावर काम करत होत्या. रशियाने निवडणूक यंत्रणेवर केलेल्या सायबर हल्ल्यांचा गुप्त अहवाल त्यांनी एका वृत्तसंकेतस्थळाला टपालाने पाठवला. खातरजमेसाठी त्या पानांची प्रत सरकारलाच दाखवली गेली. तिच्यावर घडीच्या खुणा होत्या. म्हणजे कागद छापून बाहेर नेलेला. नोंदी काढल्या, तर अहवाल छापणारे सहाच जण. त्यांचे ऑफिसमधले संगणक तपासले, तर एकाच संगणकावरून त्या संकेतस्थळाशी ईमेल झालेला. तोही दुसऱ्याच विषयावर! शिक्षा झाली 63 महिने.

प्रसिद्ध झालेल्या पानांवर आणखी एक खूण होती. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे, साधारण 0.1 मिलिमीटरचे ठिपके छापतात. निळ्या उजेडात भिंगाखाली धरले की ते गडद दिसतात. त्यांच्या मांडणीत प्रिंटरचा अनुक्रमांक, तारीख आणि वेळ असते. त्या पानांवर 9 मे 2017, सकाळी 6:20 असं वाचता आलं. तपासाच्या शपथपत्रात ठिपक्यांचा उल्लेखही नाही; सहा जणांची यादी पुरेशी होती.

म्हणून कागद हाती येतो त्या पत्रकाराची जबाबदारी मोठी. मूळ पान किंवा त्याचा फोटो कुणाला दाखवायचा नाही. मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडून प्रश्न विचारायचे. जसाच्या तसा टाइप करणंही धोक्याचं, कारण प्रत्येकाला एखादा शब्द बदलून वेगळी प्रत दिलेली असू शकते. आणि सगळ्यात आधी विचारायचं: हा कागद किती जणांनी पाहिलाय? उत्तर ‘पाच-सहा’ असेल तर बाकीची काळजी घेऊनही फारसं काही वाचत नाही.

अमेरिकेचे लष्करी विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी 1969 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या अहवालाची सुमारे 7000 पानं झेरॉक्स केली, ‘अतिगुप्त’चे शिक्के कात्रीने कापून काढले आणि पुढे ती वृत्तपत्रांना दिली. तेव्हा कात्री पुरली. खटल्यात मात्र हे का केलं, हे सांगायला त्यांना मनाई झाली. अमेरिकेचा 1917 चा हेरगिरीविरोधी कायदा लोकहिताचा बचाव मानतच नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. 1973 मध्ये ते सुटले ते सरकारची स्वतःचीच बेकायदा कृत्यं उघड झाल्यामुळे.

यात जागल्या एकटा भरडला जात नाही. एका बातमीमागचा माणूस शोधायला अमेरिकेच्या न्याय खात्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वीसहून अधिक फोन लाइन्सच्या दोन महिन्यांच्या नोंदी गुपचूप मिळवल्या. 2013 मध्ये ते उघड झालं. संभाषण ऐकायला न्यायाधीशाची परवानगी लागते, कुणी कुणाला फोन केला हे मागवायला नुसतं समन्स पुरलं. त्या कार्यालयांत शंभराहून अधिक पत्रकार काम करत होते. त्या लाइन्सवरून ज्यांना फोन केले गेले, त्यांचे नंबर त्या यादीत गेले.