दार लावून घे

[दृश्य: अंधारी खोली. उशाशी उजळलेला फोन.]

बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, प्रार्थना करायची असेल तेव्हा आपल्या खोलीत जा, दार लावून घे. लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे, असंही तो म्हणतो.

आता दार लावलं तरी फोन आत असतो, आणि फोनबरोबर अख्खा चौक आत येतो. बायबलचं ॲप रोजचं वचन दाखवतं, सलग किती दिवस वाचलं तेही मोजतं.

साधन नवं आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. जर्मनीतल्या माइंत्स शहरात गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं. १९३१ साली व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला, तो उभारून दिला खुद्द मार्कोनीने. १२ डिसेंबर २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पहिलं ट्वीट केलं. येशूच्या जीवनावरची ‘द चोझन’ ही मालिका तर प्रेक्षकांनीच पैसे घालून उभी केली.

[दृश्य: सरकणाऱ्या रील्स. गाणी, वचनं, अश्रू, टाळ्या.]

पण छापलेल्या पानाला आपण किती जणांना आवडलो हे कळत नव्हतं. रीलला कळतं, आणि ती करणाऱ्यालाही. मला खरी काळजी वाटते ती इथे. चर्चच्या मंडळीत उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देणारा माणूस ओळखीच्यांसमोर बोलत असतो. तो घरी कसा वागतो, उसने घेतलेले पैसे परत करतो का, हे समोर बसलेल्यांना माहीत असतं. पडद्यावरच्या साक्षीला अशी पारख नाही. तिथे आवाज चढवणारा, जगाच्या अंताची तारीख सांगणारा सहज पुढे जातो. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई कोणाच्याच फोनवर दिसत नाही.

आणि दिसतं तेही खरं असेलच असं नाही. मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जाकिटातले पोप फ्रान्सिस जगभर पाहिले गेले. ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं. जाकीट होतं म्हणून निभावलं. उद्या त्याच चेहऱ्याच्या तोंडी उपदेश घातला तर?

तरीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री दोन वाजता एखादं स्तोत्र ऐकायला मिळतं, ते याच फोनवर. त्याच्यापुढे माझी तक्रार लहान आहे.

[दृश्य: इटलीतलं असिसी. कबरीच्या काचेमागे जीन्स आणि बूट घातलेल्या मुलाचा देह.]

हा कार्लो अकुतिस. जन्म १९९१, मृत्यू २००६, रक्ताच्या कर्करोगाने. पवित्र मिस्साशी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेशी, निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळ तयार केलं. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. संगणकात रमणारा हा मुलगा रोज मिस्साला जायचा, हे मला त्या संकेतस्थळाहून मोठं वाटतं.

[दृश्य: २७ मार्च २०२०. व्हॅटिकनमधला संत पेत्राचा चौक. पाऊस.]

महासाथीने जगभरातली दारं बंद झाली होती. ज्या चौकात हजारो लोक उभे राहतात, तो रिकामा. पोप फ्रान्सिस एकटेच पायऱ्या चढतात. वादळात सापडलेल्या येशूच्या शिष्यांचा बायबलमधला उतारा वाचला जातो. मग ते पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे येशूचं शरीर मानल्या जाणाऱ्या भाकरीसमोर, बसतात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत.

प्रक्षेपण चालू राहतं. पडद्यावर फक्त शांतता असते, आणि तिच्यासमोर आपापल्या खोलीत दार लावून बसलेली माणसं.

[निवेदन थांबतं. पावसाचा आवाज.]