गाळाचं वजन, नाल्याचं काम

एप्रिलची दुपार. मुंबईतल्या एका मोठ्या नाल्याच्या काठावर पोकलेन उभं आहे. काळ्या पाण्यातून गाळ उपसला जातो, काठावर पसरला जातो. थोडा सुकला की तो डंपरमध्ये भरतील, डंपर वजनकाट्यावर जाईल, पावती निघेल. पावतीवरचा आकडा मेट्रिक टनात असतो आणि त्यावरच कंत्राटदाराचं बिल ठरतं.

आपण गाळाचं वजन मोजतो. पण नाल्याचं काम गाळ देणं नाही, पाणी वाहून नेणं आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी फुगली आणि कुर्ला, कालिना पाण्याखाली गेलं. त्या दिवसानंतर नालेसफाई हा शहराच्या जिवाचा प्रश्न झाला. दरवर्षी निविदा निघतात, ३१ मेची मुदत ठरते, किती गाळ काढला याची टक्केवारी जाहीर होते.

ही टक्केवारी येते पावत्यांवरून, आणि गोम इथेच आहे. पैसे टनावर मिळणार असतील, तर टन वाढवण्याचा मोह होणारच. गाळात राडारोडा मिसळता येतो. न झालेली फेरी कागदावर दाखवता येते. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळ उपशाबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने १३ जणांवर गुन्हा नोंदवला. पालिकेचं सुमारे ६५ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालयात होईल.

पालिकेनेही पहारा वाढवला आहे. डंपरवर जीपीएस आलं, काट्यावर कॅमेरे आले. २०२५ मध्ये ३० सेकंदांचं चित्रीकरण सक्तीचं झालं आणि ते तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता आली. याचं स्वागतच करायला हवं. तरीही हे सगळे डोळे डंपरकडेच लागलेले आहेत.

आता नाल्यात उतरू. काम सुरू होण्याआधी ठरलेल्या जागी तळाची लेव्हल, म्हणजे पातळी, मोजून घ्यायची. काम संपल्यावर त्याच जागी पुन्हा घ्यायची. तळ किती खाली गेला, हे खोट्या पावतीने बदलत नाही. मोजणी कंत्राटदाराच्या माणसाने नव्हे, तिऱ्हाइताने करावी. आणि काठावरच्या वस्तीतलं कुणीतरी तिथे हजर असावं, कारण नाला कधी तुंबतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पाणी तुंबलं की कंत्राटदाराला दोषी धरणं सोपं असतं. पण त्यालाही न्याय हवा. मुंबईची जुनी गटारव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी धरून. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर साफ केलेल्या नाल्यातलं पाणीही समुद्रात जाऊ शकत नाही. आठवड्यापूर्वी साफ केलेल्या नाल्यात पुन्हा प्लास्टिक तरंगताना दिसतं, तेही दरवेळी त्याचं पाप नसतं. म्हणून त्या तासाचा पाऊस, त्या वेळची भरती आणि तळाची लेव्हल या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहायला हव्यात. मगच कळेल, चूक कुणाची होती.

नोंद झाली, पण पुढे तिचं होतं काय? एखादा कंत्राटदार काळ्या यादीत जातो, त्याची बातमी होते. पण ज्याने मन लावून, वेळेत काम केलं, त्याला पुढच्या निविदेत त्याचं काय मिळतं? कमी दर भरणारा पुढे जातो. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २०२१ मध्ये आपल्या खरेदीसाठी काही प्रकारच्या कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. नालेसफाईसाठी तसा विचार व्हायला काय हरकत आहे?

पावसाळा उलटला की पुढच्या वर्षीच्या निविदेची तयारी सुरू होईल. ती उघडणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर दरांच्या तक्त्याशेजारी ही लेव्हलची वही असायला हवी, ठरलेल्या प्रत्येक जागेच्या तारीखवार नोंदींची.