न दिसलेला वाघ मोजताना

(दृश्य : कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलातली मातीची वाट. उजाडायला अजून अवकाश.)

वाटेच्या दोन्ही अंगांना, झाडांच्या बुंध्यांशी, समोरासमोर बांधलेले दोन कॅमेरे. मधून वाघ गेला की दोघांचेही दिवे लखकन चमकतात. एकाने भागलं नसतं. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, आणि एका वाघाची नक्षी दुसऱ्या वाघाच्या अंगावर सापडत नाही. दोन्ही कुशी टिपल्या, की त्या वाघाची ओळख पक्की.

ही जोडी भारतातल्या जंगलात आणून तिच्यामागे गणित उभं करणारा माणूस म्हणजे डॉ. के. उल्लास कारंत. कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांचे चिरंजीव. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, पुढे काही वर्षं शेती. वाघाचं वेड मात्र लहानपणापासूनचं. चाळिशीला पोचताना, १९८८ साली, त्यांनी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते परतले ते नागरहोळेत.

(दृश्य : ओल्या मातीत उमटलेला पंजाचा ठसा.)

त्या काळी वाघ मोजले जायचे पावलांवरून. १९६६ मध्ये ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी बसवलेली ही पद्धत. वनरक्षक ठसे शोधायचे, काचेवर त्यांची बाह्यरेषा उतरवून घ्यायचे आणि त्यावरून वाघ वेगळे काढले जायचे. उन्हातान्हात राबणाऱ्या त्या माणसांच्या मेहनतीत खोट नव्हती. खोट होती गृहीतकात. माती भुसभुशीत असली, चढ लागला, वाघाने वेग वाढवला, की त्याच पंजाचा ठसा बदलतो. शिवाय सगळे वाघ आपल्याला सापडलेच, असं धरून चालायचं. १९८७ मध्येच कारंतांनी या पद्धतीची चिरफाड करणारा लेख लिहिला.

मग प्रश्न उरतो तो कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचा. ते मोजायचे कसे?

तळ्यातून काही मासे धरा, खूण करा, सोडून द्या. पुन्हा जाळं टाका. खूण केलेले मासे बरेच आले, तर तळ्यात मासे थोडे. सगळेच बिनखुणेचे आले, तर मासे पुष्कळ. वाघाला खूण करावी लागत नाही, तो ती अंगावर घेऊनच जन्मतो. कारंतांनी हे गणित कॅमेऱ्यातल्या वाघांना लावलं आणि १९९५ साली नागरहोळेतल्या वाघांचा अंदाज प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये संख्याशास्त्रात मुरलेले जेम्स निकोल्स सोबतीला आले आणि हीच पद्धत भारतातल्या आणखी जंगलांत वापरली गेली. पुढे बिबट्या, जग्वार अशा अंगावर नक्षी असलेल्या प्राण्यांसाठी जगभरच्या अभ्यासकांनी ती उचलली.

(दृश्य : चितळांचा कळप, मागे गवे.)

मला स्वतःला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. वाघ किती, याचं उत्तर त्यांनी चितळ, सांबर, गव्यांमध्ये शोधलं. जंगलात सरळ रेषेत पायी चालत, दिसेल त्या जनावराचं अंतर टिपत केलेली ही मोजणी. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात. त्याचा वाटा सावजाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे एका वाघापाठी सुमारे ५०० जनावरं हवीत. २००४ च्या शोधनिबंधात ११ ठिकाणांची आकडेवारी आहे. त्यात आपला मेळघाट आहे, ताडोबाही आहे. सूत्र एकच : सावज दाट, तिथे वाघ दाट. ज्या जंगलात हरणांची चोरटी शिकार चालते, तिथे वाघाला गोळी घालावीही लागत नाही. तो उपाशीपोटीच संपतो.

नागरहोळेतली १९९१ ते २००० ची नोंद तर थक्क करणारी. दर वर्षी जवळजवळ चौथा हिस्सा वाघ मरत किंवा निघून जात होते, तरी संख्या टिकून होती. पोटाला मिळालं आणि रान राखलं, की वाघ झीज भरून काढतो.

(दृश्य : राजस्थानातल्या सरिस्काची कोरडी टेकडी.)

२००५ साली उघड झालं, की सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही. कागदावर ते होते. त्यानंतर देशाने ठशांची गणना सोडली. ठशांवरून काढलेला २००१-०२ चा देशभरातला आकडा होता ३,६४२. २००८ मध्ये नव्या पद्धतीचा अंदाज आला : १,४११. या राष्ट्रीय गणनेच्या संख्याशास्त्रावरही कारंतांनी पुढे आक्षेप घेतले. सरकारशी त्यांचा हा वाद वर्षानुवर्षं चालला.

(दृश्य : टेबलावर पसरलेली कातडी. शेजारी संगणकाचा पडदा.)

कॅमेऱ्यांनी साठवलेल्या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग पुढे निघाला. २००९ मध्ये कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टे जुळवणारं सॉफ्टवेअर मांडलं. जप्त झालेल्या कातडीचा फोटो त्यात घातला, की जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता येतं. जुळलं तर कळतं, हा वाघ कुठल्या जंगलातला, कुठल्या वाटेने, कुठल्या रात्री कॅमेऱ्यासमोरून चालत गेला होता.