ओप्तिनाच्या दारात दस्तयेव्हस्की
झीझ्द्रा नदीच्या काठी, कोझेल्स्क गावाजवळ दिसणारा हा पांढऱ्या भिंतींचा मठ म्हणजे ओप्तिना पुस्तिन. जून १८७८ मध्ये रशियन कादंबरीकार फ्योदोर दस्तयेव्हस्की येथे आले, त्याच्या महिनाभरच आधी, १६ मे रोजी, त्यांचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने दगावला होता आणि त्याला तीन वर्षे पुरी व्हायला तीन महिने कमी होते. अपस्मार वडिलांनाही होता, त्यामुळे आपलेच दुखणे लेकराला भोवले ही बोच त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. अखेर पत्नी आन्ना यांनी तरुण तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्योव्ह याला त्यांना ओप्तिनाला नेण्याची गळ घातली आणि दस्तयेव्हस्की व सोलोव्योव्ह आगगाडीने, मग कच्च्या रस्त्याने घोडागाडीतून इथवर पोहोचले.

पाइनच्या रानातले हे लहानसे घर वृद्ध साधू आम्व्रोसी यांचे. स्त्रियांना आश्रमात प्रवेश नसल्यामुळे त्या भिंतीबाहेरच्या दाराने त्यांना भेटत. दस्तयेव्हस्कींच्या ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ या कादंबरीमध्ये अशाच भिंतीबाहेर एक शेतकरी बाई साधू झोसिमाची वाट पाहते. तिचाही मुलगा तीन वर्षांना तीन महिने कमी असताना गेलेला आहे. मूल देवाजवळ सुखात आहे, असे झोसिमा सांगतो. नवराही तेच सांगतो, असे ती म्हणते, आणि पदराआड जपलेला मुलाचा छोटा जरीचा कमरपट्टा बाहेर काढून हुंदके देऊ लागते. तेव्हा झोसिमा सांत्वनाचा नाद सोडून तिला रडू देतो. धर्मोपदेशकाला आपला उपदेश आवरता घ्यायला लावणारा हा प्रसंग आमच्या मते कादंबरीतल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा मोलाचा आहे.

मग कादंबरीत पुढे खानावळीत करमाझोव्ह भावांपैकी संशयवादी इव्हान आपल्या धाकट्या भावाशी बोलू लागतो. आठ वर्षांच्या मुलाच्या दगडाने जनरलच्या लाडक्या कुत्र्याचा पाय दुखावतो, म्हणून त्याला आईदेखत शिकारी कुत्र्यांच्या तोंडी दिले जाते. अशी उदाहरणे आपण रचलेली नाहीत, असे दस्तयेव्हस्कींनी संपादकांना बजावून कळवले होते. इव्हान देव नाकारत नाही. या मुलाच्या यातनांवर उभी राहणारी अंतिम सुसंवादाची इमारत त्याला नको आहे, म्हणून तो आपले प्रवेशाचे तिकीट परत करतो. त्या जनरलचे काय करावे, असे तो विचारतो, तेव्हा मठात शिकणारा भाऊ, ज्याला लेखकाने आपल्या गेलेल्या मुलाचेच नाव दिले आहे, तोही ‘गोळी घाला’ म्हणून जातो. श्रद्धेची बाजू घेणाऱ्या लेखकाने संशयाला इतके बळ द्यावे, हे आजही विरळाच.

झारशाहीतले वजनदार अधिकारी पोबेदोनोस्त्सेव्ह यांना इव्हानच्या या युक्तिवादाला उत्तर कुठे आहे, याची काळजी लागली. ते सहाव्या खंडात, झोसिमाच्या जीवनकथेत आहे, मुद्द्याला मुद्दा असे नाही, असे दस्तयेव्हस्कींनी १८७९ मध्ये कळवले आणि ते पुरे पडेल का, ही धास्तीही लपवली नाही. कादंबरी १८८० मध्ये पूर्ण झाली, १८८१च्या जानेवारीत ते वारले, आणि इव्हानचा युक्तिवाद आस्तिक-नास्तिक दोघेही आजतागायत आपापल्या बाजूने वाचत आले आहेत.