मध्यरात्रीची सही

नमस्कार, श्रोतेहो.

२६ जून १९७५ ची सकाळ. आज सत्तरीपलीकडे असलेल्या अनेकांना ती आठवत असेल, कारण आणीबाणीची बातमी देशाने रेडिओवरच ऐकली. राष्ट्रपतींची सही आदल्या रात्रीच झाली होती. खुद्द मंत्रिमंडळाला कळलं ते पहाटे सहाला. रस्त्यावर रणगाडा नव्हता. घटनेतलंच ३५२ वं कलम पुरलं.

उरुग्वेला एके काळी दक्षिण अमेरिकेचं स्वित्झर्लंड म्हणत. तिथेही जून १९७३ मध्ये संसद बरखास्त केली ती लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षानेच, लष्कराला हाताशी धरून. लोकशाही परतायला १९८५ उजाडलं. हंगेरीत तर २०१० नंतर अशी एखादी काळरात्रही आली नाही. दोन तृतीयांश बहुमत मिळालं, नवी घटना झाली आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय सत्तरवरून बासष्टवर आणलं. कागदावर किती साधा बदल! पण त्यामुळे अनुभवी न्यायाधीश एकदम घरी जातात आणि रिकाम्या खुर्च्या भरणारा हात सत्ताधाऱ्यांचा असतो. मला जास्त भीती वाटते ती अशा बदलांची. त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टावरून आपण रोज जातो. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना तुरुंगात ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्यांचे अर्ज कोर्टाने ऐकूच नयेत, असं तेव्हा सरकारचं म्हणणं होतं. देशातल्या अनेक हायकोर्टांनी ते मानलं नाही, आणि त्यांत आपलं नागपूर खंडपीठ होतं. आणीबाणीतल्या खुर्चीवर बसून असा निकाल लिहायला काय लागत असेल, याचा विचार तिथून जाताना जरूर करा.

प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय, असं न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना भर कोर्टात विचारलं. आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असं उत्तर आलं. तरीही २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो एक आवाज खन्नांचा. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं. खन्ना तेव्हा हयात नव्हते.