कुंडीतला आजारी कढीपत्ता: आधी मुळं बघा

(गच्चीवर बाग करणाऱ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कढीपत्ता पिवळा पडला, पानं गळायला लागली की मला पहिला प्रश्न येतो, "काय घालू?" ताक घालू का, एप्सम सॉल्ट घालू का, गंजके खिळे पुरू का. माझं आज एकच आग्रहाचं सांगणं आहे. काहीही घालण्याआधी झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. कुंडीतल्या कढीपत्त्याचं दुखणं बहुतेक वेळा मातीखाली असतं आणि आपले उपचार सगळे वरून चाललेले असतात.

हे झाड मूळचं रानातलं. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत पानगळीच्या जंगलात मोठ्या झाडांखाली ते वाढतं. लिंबू, संत्रं, बेल, कवठ हे त्याचे भाऊबंद. जमिनीत ते सहज चार-पाच मीटर जातं, मुळं खोल उतरतात आणि आडव्या मुळांवरून नवे फुटवे वर येत राहतात. परसातला कढीपत्ता कुणी फारसं लक्ष न देता वर्षानुवर्षं पानं देतो, तो या मुळांच्या जोरावर. त्याच झाडाला आपण बारा इंची कुंडी देतो आणि चार-पाच वर्षं तिला हात लावत नाही.

आता एक फरक आधी समजून घ्या, नाहीतर धडधाकट झाडावर उपचार होतील. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. साधारण पंधरा अंशांच्या खाली कढीपत्त्याची वाढ थांबते. जुनी पानं पिवळी होतात, गळतात, कधी झाड जवळजवळ उघडं पडतं. हा आजार नव्हे, विश्रांती आहे. या दिवसांत मुळं पाणी फार कमी उचलतात. आणि नेमकं तेव्हाच आपण घाबरून रोज पाणी घालतो, वर शेणखताची ओंजळ देतो. जी झाडं फेब्रुवारीत फुटत नाहीत, त्यांतली कितीतरी थंडीने नाही, या पाण्याने गेलेली असतात. थंडीत बोट दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

शंका असेल तर खोडावर नखाने हलकंसं खरवडा. साल निघाल्यावर आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तसंच खाली खाली बघत जा. पुष्कळदा वरचा हात-दीड हात वाळलेला असतो आणि बुंध्याशी हिरवं असतं. तेवढ्यावर झाड परत उभं राहतं.

कुंडी उपडी केल्यावर दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिली म्हणजे नर्सरीतून आलेला चिकणमातीचा गोळा. लांबून आणायची रोपं तुटू नयेत म्हणून ती चिकट मातीत बांधलेली असतात. आपण पिशवी फाडतो आणि तो गोळा तसाच्या तसा उत्तम खतमातीत बसवतो. वर्षभरात तो विटेसारखा होतो. पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं, भोकातून बाहेर आलेलं दिसतं, आपल्याला वाटतं भरपूर पाणी मिळालं. आतला गाभा कोरडा ठणठणीत असतो. दुसरी गोष्ट याच्या उलटी: तळाची भोकं मुळांनी बुजलेली, कुंडीखाली पाण्याने भरलेली ताटली, आणि मुळं काळी, मऊ, आंबूस वासाची. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे माती ओली असतानाही पानं मान टाकतात. तहान समजून लोक आणखी पाणी घालतात. म्हणून म्हणतो, पानांवरून निदान करू नका.

उपाय दोन्हींवर एकच आहे. फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात, म्हणजे नवी पालवी फुटायच्या बेतात, हा त्याचा उत्तम काळ. तो चुकला तर पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. मातीचा गोळा बादलीभर पाण्यात तासभर भिजू द्या आणि बोटांनी हळूहळू मोकळा करा. कुजलेलं सगळं स्वच्छ कात्रीने कापा. गोल गोल फिरलेली मुळंही कापा, एकूण मुळांचा चौथा हिस्सा गेला तरी चालतो. मूळ जेवढं कमी केलं तेवढा वरचा पालाही कमी करा, कारण उरलेल्या मुळांना तेवढाच पोसता येणार आहे. मिश्रण साधं ठेवा: एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू, आणि मूठभर निंबोळी पेंड. मुळं कुजलेल्या झाडाला मोठी कुंडी देण्याचा मोह टाळा. मुळं थोडी आणि माती भरपूर असली की ओल वाळत नाही आणि कूज परत येते. तीच कुंडी चालेल, कधीकधी लहानच बरी. पंधरा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग पाच-सहा तास ऊन. नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद.

आता ताकाबद्दल. हा प्रश्न आज समोरून आलाच आहे. आपल्या आज्या आंबट ताक घालत आल्या आणि त्यात तथ्य आहे, पण ते का आणि कुठे, हे कळलं पाहिजे. दख्खनची माती बेसॉल्टपासून झालेली, चुनखडीयुक्त. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो ना, तो त्या क्षारांचा. अशा अल्कधर्मी मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं चित्र दिसतं. ताकातलं आम्ल तेवढ्यापुरती मातीची आम्लता वाढवतं आणि थोडं लोह मोकळं होतं. एक वाटी आंबट ताक, दहा वाट्या पाणी, महिन्यातून एकदा. मीठ घातलेलं ताक मुळीच नको, ते मुळांना जाळतं. कोकणात जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी आहे, तिथे ताकाची फारशी गरज नाही. तिथला खरा त्रास पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याचा.

गंजक्या खिळ्यांतलं लोह अशा मातीत विरघळतच नाही, ते सोडून द्या. लोह द्यायचंच तर चिलेटेड आयर्न घ्या, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह. त्यात ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार मिळतात. चुनखडीच्या मातीत ईडीटीए टिकत नाही, म्हणून ते लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारायचं. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए. आणि लक्षात ठेवा, मुळं पाण्यात गुदमरलेली असली तरी पानं हुबेहूब अशीच दिसतात. तेव्हा हा उपाय मुळं पाहिल्यानंतरचा. जमलं तर पावसाचं पाणी साठवा. क्षार धुऊन काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

किडींचं थोडक्यात सांगतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड असेल तर मुंग्या आणि पानांवर काळी काजळी दिसते. ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण असं फवारा. नंतर आठवडाभर पानं तोडू नका. पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या लिंबावरच्या फुलपाखरांच्या. मोठ्या झाडावर त्या राहू द्याव्यात असं माझं मत आहे, चार पानं गेली तरी फुलपाखरू येतं. अशक्त झाडावर मात्र हाताने वेचा. जास्त जपायचं ते सायला या रस शोषणाऱ्या किडीपासून. कोवळ्या शेंड्यावर मागचा भाग उचलून बसलेले तीन-चार मिलिमीटरचे करडे किडे, त्यांच्या पिल्लांचे पांढरे मेणचट धागे, वळलेली पालवी. हाच किडा संत्र्या-लिंबांवर ग्रीनिंग हा रोग पसरवतो. अमेरिकेत ताजा कढीपत्ता सामानातून नेऊ देत नाहीत तो याच्याच भीतीने. शेजारी लिंबाची कुंडी असेल तर दोन्ही झाडं एकत्र तपासा, बाधित शेंडे कापून पिशवीत बांधून टाका.

आणि तोडणी. फोडणीपुरती पानं लागली की आपण हाताला येतील ती खालची पानं ओरबाडतो. वर्षभरात उरते एक उंच काठी आणि टोकाला झुबका. अशी झाडं आजारी म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना औषध नको, कात्री हवी. मार्चमध्ये ती काठी गुडघ्याएवढ्या उंचीवर, खोडावरच्या डोळ्याच्या (जिथून नवी फांदी फुटते त्या जागेच्या) जरा वर कापा. शेंडा गेला की खालचे झोपलेले डोळे जागे होतात, तीन-चार फांद्या फुटतात. पुढेही सुटी पानं न तोडता फांदीचा शेंडाच कापून घ्या. अशक्त झाडावर फुलांचा गुच्छ आला तर तो खुडून टाका, फळं धरण्यात त्याची शक्ती जाते.

शेवटी, वाट किती बघायची? मार्चमध्ये मुळं साफ करून लावलेलं झाड कधी पंधरा दिवसांत फुटतं, कधी दीड-दोन महिने काठीसारखं उभं राहतं. बुंधा हिरवा आहे तोवर ते उपटू नका. बुंधा वाळला तरी कुंडी लगेच रिकामी करू नका, कारण जिवंत मुळावरून पावसाळ्यात फुटवा येऊ शकतो. आला तर तो वीतभर होईपर्यंत हलवू नका. मग मुळाच्या तुकड्यासकट कापून वेगळ्या लहान कुंडीत लावा आणि पहिली थंडी त्याला घराच्या दक्षिणेकडे, भिंतीच्या उबेला ठेवा.