छातीवरचे तीन बिल्ले

पडद्यावरचा हा फोटो सातारा जिल्ह्यातल्या एका घरात देवघराशेजारी टांगलेला होता. फेटा, बंद गळ्याचा कोट, झुपकेदार मिशा आणि छातीवर तीन बिल्ले. घरच्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं, ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.’

हे वाक्य मी बऱ्याच घरांतून ऐकलं आहे. बसरा म्हणजे आजचा इराक, पहिल्या महायुद्धातली आघाडी; व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना मिळू शकेल असं ठरलं तेच १९११ साली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या वाट्याला आलेले दोन्ही क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले, तेही इटलीतले : यशवंत घाडगे, जुलै १९४४, मरणोत्तर आणि नामदेव जाधव, एप्रिल १९४५. मग या फोटोतलं पहिलं पदक कोणतं? नीट पाहा. खाली आणि दोन्ही बाजूंना टोकं, वर मुकुट, मधे एकमेकांवरून गेलेल्या दोन तलवारी. हा १९१४-१५चा स्टार, त्या दोन वर्षांत आघाडीवर गेलेल्यांना मिळालेलं पदक. घरातल्यांनी त्याच्या आकारालाच क्रॉस म्हटलं, आणि पुढच्या पिढीनं त्याला नाव जोडलं. यात कुणी खोटं बोललेलं नाही.

आता फितीकडे या. बहुतेक चुका इथेच होतात. आपल्याला वाटतं, फोटोत काळं दिसतंय म्हणजे गडद रंग, पांढरं दिसतंय म्हणजे फिका. त्या काळच्या बहुतेक निगेटिव्हच्या काचा नि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार हळव्या. त्यामुळे लाल आणि नारिंगी काळपट उतरतात, निळा मात्र फिकट, कधी पांढराच. स्टारची फीत लाल, पांढरी, निळी, एकातून दुसऱ्यात विरघळणारी. फोटोत ती एका बाजूला काळी आणि दुसरीकडे नुसतीच उजळत गेलेली दिसते. दुसरं पदक ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. त्याच्या फितीत मधे रुंद नारिंगी पट्टा, दोन्हीकडे पांढरा, मग काळा आणि कडेला निळा. इथे मधला पट्टा काळाभोर आलाय आणि निळ्या कडा कोटावर पांढऱ्या चमकतायत. तिसरं व्हिक्टरी मेडल, म्हणजे दोन इंद्रधनुष्यं लाल बाजूंनी जोडलेली. म्हणून मधोमध काळोख आणि कडांना उजेड. फितीबद्दल शंका राहिली तर पदक कशाला अडकवलंय ते बघा. वॉर मेडल सरळ आडव्या दांडीला असतं, व्हिक्टरी मेडल कडीला. भिंग लावलं की हा फरक पुसट फोटोतही कळतो.

म्हणूनच मी हात जोडून सांगतो, मोबाईलवरच्या ॲपनं अशा फोटोत रंग भरू नका. ॲप काळ्याला काळं समजतं, नारिंगीच्या जागी तपकिरी भरतं आणि तोच फोटो घरच्या ग्रुपवर खरा म्हणून फिरू लागतो. भरायचाच असेल तर प्रतीत भरा. मूळ फोटोला हात लावू नका.

या फोटोत आणखी एक गोष्ट मला खटकत होती. बिल्ले उजव्या छातीवर आहेत. पदकं डावीकडे लावतात आणि मानाचं पदक छातीच्या मध्याकडे. शिवाय स्टारच्या फितीची लाल बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला हवी, ती इथे उजव्या हाताला आहे. मग मी कोटाची बटणं पाहिली, तीही उलट बाजूची. म्हणजे कधीतरी फोटोवाल्यानं निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली होती. आता मी फोटो फिरवतो. पाहा, सगळं जागच्या जागी आलं. नुसते बिल्ले उजवीकडे असते आणि बटणं सरळ असती, तर अर्थ वेगळा झाला असता : वडिलांची पदकं मुलगा उजवीकडे लावतो, अशी रीत आहे.

बसऱ्याची गोष्टही स्टारशी जुळते. त्या मोहिमेवर ६वी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये उतरली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. १९१४चा वेगळा स्टार होता, पण तो फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीसाठी. फीत दोघांची एकच, त्यामुळे मधल्या पट्टीवरचे आकडे वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या डिव्हिजनला इराकमधल्याच कूट गावात वेढा पडला होता. धान्य संपलं, घोडे खावे लागले, शेवटी शरणागती. पणजोबा त्या वेढ्यात होते का, हे बिल्ले सांगत नाहीत.

ते सांगू शकते पदकाची कड. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते; स्टारवर ती मागच्या बाजूला असते. मी विचारलं, ‘पदकं कुठायत?’ आजींनी ट्रंकेतून बिस्किटांचा डबा काढला. आत एकच होतं, व्हिक्टरी मेडल. ‘चांदीचं होतं ते बहात्तरच्या दुष्काळात मोडलं,’ म्हणाल्या. स्टारचं त्यांना आठवत नव्हतं. खिडकीशी जाऊन आम्ही कड फिरवत वाचली. चिंचेनं घासून घासून अक्षरं झिजली होती, पण १०३ स्पष्ट होतं आणि पुढचे ‘मराठा’चे तुकडेही. नाव मात्र गेलं होतं. तुमच्या घरी पदक असेल तर ते उजळवू नका. आधी कडेचे तिरप्या उजेडात चार बाजूंनी फोटो काढा.

त्या घरातलं चांदीचं पदक आता या फोटोतच आहे, काळ्या पट्ट्याला दोन पांढऱ्या कडा असलेल्या फितीखाली.